मूठभर गव्हाचं पीठ

कुणाच्याही घरी जेवायला जाताना माझा डबा माझ्याबरोबर असतो. लग्न असो, बारसं असो, नाहीतर दहावा. डब्यात दोन बाजरीच्या भाकरी, एखादी कोरडी भाजी आणि शेंगदाण्याची चटणी. बायका कोपरानं एकमेकींना ढोसतात आणि म्हणतात, मास्तरीणबाईंचा भाव बघा. बघा की! गव्हाचा एक घास पोटात गेला तर आठवडाभर मी अंथरूण धरते, तेव्हा यांतली एकही माझं धुणं धुवायला येत नाही.

मी मूळची पाथर्डीकडची. आमच्याकडे सगळी कोरडवाहू जमीन, घरात बाराही महिने बाजरी, थोडी ज्वारी. गव्हाची पोळी सणाला व्हायची, तीही मोजून. लग्न होऊन कोपरगावला आले आणि दुसऱ्या मुलखात आल्यागत झालं. इथे पाटाचं पाणी, नजर जाईल तिथवर ऊस, आणि उसाच्या मागे गहू. सकाळी पोळी, दुपारी पोळी, रात्रीही पोळी. भाकरी करायची ती शेतात कामाला आलेल्या माणसांसाठी. मी नवी सून, मीही पोळ्या खाल्ल्या. वर्षभरात माझा काटा झाला. पोट फुगायचं, जुलाब थांबायचे नाहीत, केसांचे पुंजके हातात यायचे. सासरी हसायचे, म्हणायचे, "हिच्या माहेरचा दुष्काळ हिच्या अंगातच राहिलाय." मीही त्यांच्याबरोबर हसायचे. आज त्या हसण्याची मला लाज वाटते.

बारा वर्षं असं चाललं. दृष्ट काढून झाली, रक्तवाढीच्या गोळ्या झाल्या, जंतांचं औषध झालं. शेवटी नाशिकच्या एका डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, पोटात दुर्बीण घातली आणि रोगाचं नाव सांगितलं : सीलिअॅक. गव्हात ग्लूटेन म्हणून एक असतं, ते पोटात गेलं की आतड्याचं आतलं अस्तर झडतं, मग काहीही खा, अंगी लागत नाही. औषध नाही. गहू, रवा, मैदा, सातू जन्मभर बंद. "थोडंसुद्धा नाही," त्या म्हणाल्या, "आणि मुलीचीही तपासणी करून घ्या. हे रक्तातून येतं."

मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. नाजूक आहे, आईवर गेलीय, असं सगळे कौतुकानं म्हणायचे. खरंच आईवर गेली होती. तिचाही अहवाल तोच आला. त्या दिवशी मी रडले नाही, मला संताप आला. बारा वर्षं मी पाहुण्यासारखी गप्प जेवले होते. माझी पोर तसं जेवणार नाही, हे मी दवाखान्याच्या पायरीवरच ठरवलं.

मग माझी भांडणं सुरू झाली. पहिलं भांडण गिरणीत. माझ्या बाजरीच्या आधी कुणाचातरी गहू दळलेला असायचा आणि त्याचं पीठ माझ्या डब्यात यायचं. गिरणीवाल्याला म्हटलं, मशीन उघडून झाडा, मगच माझं दळण टाका. तो म्हणाला, "ताई, तुमच्या शेरभर बाजरीसाठी मी काय गिरण धुऊन काढू का?" दोनदा त्यानं झाडलं, तिसऱ्यांदा माझा डबा उचलून बाहेर ठेवला. त्याच आठवड्यात मी घरघंटी विकत घेतली. ती सुरू झाली की गल्लीतली कुत्री भुंकतात. भुंकू देत. माझ्या घरघंटीत गव्हाचा दाणा कधी पडलेला नाही.

दुसरं भांडण किराणा दुकानात. मी चष्मा लावून प्रत्येक पाकीट वाचते. मागची माणसं ताटकळतात आणि दुकानदार म्हणतो, "ताई, घ्यायचं असलं तर घ्या, परीक्षा आहे का?" एकदा हिंगाची डबी उलटी केली तर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं : गव्हाचं पीठ. "हिंगात गहू कशाला असेल?" तो म्हणाला. मी वर्गात वाचते तशी ती ओळ मोठ्यानं वाचून दाखवली. रांगेतल्या दोघींनी आपापल्या पिशव्यांतून हिंगाच्या डब्या काढून पाहिल्या. तेव्हापासून तो माझ्यासाठी खडा हिंग ठेवतो, पण मी दुकानात शिरले की त्याचा चेहरा अजून पडतो.

आणि हॉटेलं! नगर-मनमाड रस्त्यावर एका ढाब्यात वेटरला शांतपणे समजावलं, मला गहू चालत नाही. तो हसून म्हणाला, "काळजीच नको मॅडम, आपल्याकडे मैदा अजिबात नाही, शुद्ध गहूच वापरतो." मी कपाळावर हात मारून घेतला. मुलगी खिदळत होती. शेवटी आम्ही दही-भात आणि उकडलेली अंडी मागवली, आणि अंड्यांचं पातेलं स्वच्छ आहे का ते मी आत जाऊन पाहून आले. मुलगी म्हणाली, "आई, जरा हळू ना, सगळे बघतायत." म्हटलं, बघू देत. तिचं ते 'हळू ना' मी तेव्हा मनावर घेतलं नाही. घ्यायला हवं होतं.

गेल्या वर्षी तिच्या लग्नाचं बघायला लागलो. एम.कॉम. झालेली, पतसंस्थेत नोकरी करणारी, दिसायला चारचौघींत उठून दिसणारी पोर. स्थळ आणलं माझ्या धाकट्या भावानं. मुलगा नगरला कंपनीत इंजिनिअर, घरी बागायत, माणसं चांगली. भावानं एकच अट घातली. "आक्का, ते पोटाचं आत्ताच काढू नको. लगीन झाल्यावर हळूहळू कळंल त्यांना."

"कळंल म्हणजे कधी? पोर दवाखान्यात पडल्यावर?"

"तू म्हंजे ना, एक घाव दोन तुकडं! अगं, समोरच्याला वाटंल पोरगी आजारी हाय."

"ती आजारी नाहीये. ती गहू खात नाही."

ते मुलगी पाहायला आले, तेव्हा पोह्यांच्या बश्या खाली ठेवायच्या आत मी सगळं सांगून टाकलं. भाऊ खिडकीबाहेर बघत बसला. मुलाच्या आईनं मान डोलावली. म्हणाल्या, "असं का? हल्ली काय काय निघतंय बाई. पण आमच्याकडं काय अडचन न्हाई, आमी सांभाळू." बाई गोड होत्या. मला बरं वाटलं. मुलगा-मुलगी अंगणात अर्धा तास बोलत होते आणि ती आत आली तेव्हा तिचे कान लाल झालेले होते. तो तिला आवडला होता, हे सांगायला कुणाची गरज नव्हती.

मग आम्ही त्यांचं घर पाहायला जायचं ठरलं. पूर्वी अशा वेळी मुलीला नेत नसत, आता मुलीही जातात. भावानं त्यांना फोन करून सांगितलं होतं, दोघींसाठी ज्वारीची भाकरी करा, साधं वरण करा, हिंग घालू नका. तरी मी डबा भरलाच. त्यांच्या दारात माझ्या नवऱ्यानं गाडी थांबवली आणि भावानं हात जोडले. "आक्का, आजच्या दिवस ऱ्हाऊ दे. त्यांनी मुद्दाम रांधलंय. तू डबा उघडलास तर त्या माऊलीच्या तोंडात मारल्यागत हुईल." मुलगी माझ्याकडे बघत होती. मी डबा गाडीत ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

आधी पुरुषांची पंगत झाली, मग आम्ही बायका बसलो. घर छान होतं, अंगणात जास्वंद, ओट्यावर लखलखणारी भांडी. पुरणपोळीचा घमघमाट सुटला होता. मुलाच्या आईनं आम्हा दोघींना वेगळी ताटं मांडली, त्यांत भाकऱ्या वाढल्या, वर तुपाची धार धरली. मी त्यांच्या जावेशी बोलत होते, म्हणून हात लावायला मला उशीर झाला.

मग भाकरी हातात घेतली. मऊसूत. दुमडली तर पोळीसारखी दुमडली, कडेला एक चीर नाही. नुसत्या ज्वारीची भाकरी अशी दुमडत नाही हो! गेली चौदा वर्षं रोज भाकरी थापतेय मी.

"ताई, यात काय घातलंत?"

त्या कौतुकानं हसल्या. "काय न्हाई ओ, मूठभर गव्हाचं पीठ. आता पाहुनीला नुसती ज्वारीची भाकरी कशी वाढायची? उद्या कुनी म्हनंल, इहिनीला गड्यामानसाचं जेवान घातलं. पाहुन्याच्या पानात गहू पायजेच. मूठभरानं काय हुतंय?"

मला त्यांचं सगळं कळत होतं. आमच्याकडे पाहुण्याला भाकरी वाढणं म्हणजे घराची नाचक्की, आणि त्यांनी माझ्या पोरीचा मान राखायला गहू घातला होता. तिला मारायला नव्हे. पण गव्हाला ते कुठे कळतं? मी ताट पुढे सरकवलं आणि शेजारी पाहिलं. मुलीच्या ताटात अर्धीच भाकरी उरली होती.

मी उठले. सरळ गाडीपाशी गेले, डबा आणला, पुन्हा त्याच पंगतीत मांडी घालून बसले आणि माझी बाजरीची भाकरी काढली. एक मुलीपुढे ठेवली. मुलाच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "तुमच्या मनात वाईट नाही, मला माहीत आहे. पण आम्ही सांगितलं होतं, आणि हे आम्हाला चालत नाही." त्यांनी पदरानं डोळे पुसले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण माफी मागितली नाही. मुलीनं माझ्या भाकरीला हात लावला नाही, खाली मान घालून वरण-भात कालवत राहिली.

परतीच्या वाटेवर भाऊ तोंडाला येईल ते बोलला. "झालं समाधान? हातचं स्थळ घालवलंस!" माझा नवरा गाडी चालवत होता. तो एवढंच म्हणाला, "घालवलं तर घालवलं." मला त्याचा फार अभिमान वाटला.

संध्याकाळी मुलीला कळा सुरू झाल्या. गरम पाण्याची पिशवी घेऊन मी तिच्या उशाशी बसले आणि स्वतःला दोष देत होते, डबा गाडीत ठेवला म्हणून. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आई, मला पहिल्या घासालाच कळलं होतं."

"काय?"

"भाकरीत गहू आहे ते. मऊ होती ना."

"मग खाल्लीस कशाला, वेडे?"

तिनं पिशवी पोटाशी घट्ट धरली. मग म्हणाली, "बोलले असते तर तू उठली असतीस. सगळीकडे तू उठतेस. मला एकदा तरी सगळ्यांसारखं जेवायचं होतं. आणि तो मला आवडलाय गं."

गिरणीवाल्याला, दुकानदाराला, ढाब्यातल्या वेटरला ऐकवणारी मी, पण पोटच्या पोरीला काय सांगणार होते? जिच्यासाठी एवढी भांडले, ती माझ्या भांडणाला भिऊन गप्प जेवली होती. तिच्या वयाची असताना मी सासरी जेवायचे, अगदी तशी. अहवाल आला त्या दिवशी मी रडले नव्हते, त्या संध्याकाळी रडले.

तीन दिवस ती झोपून होती. जुलाब, ताप आल्यासारखं अंग, तोंडात फोड. पतसंस्थेत रजा टाकली. त्या मुलाचा एकदा मेसेज आला, 'बरं वाटतंय का?' तिनं उत्तर दिलं, 'नाही, त्या भाकरीनं त्रास झालाय.' त्यावर त्यानं लिहिलं, 'एवढ्याशानं? आई म्हणते मनाचं असतं.' तिनं मोबाईल उशीखाली ठेवला आणि मला म्हणाली, "आई, पेज देतेस?"

चौथ्या दिवशी सकाळी ती उठून बसली होती, केस विंचरत होती, तेवढ्यात भावाचा फोन आला. मी स्पीकर लावला. आनंदानं त्याचा आवाज चढला होता.

"आक्का, पेढं काढ! होकार आला! माऊली तुझ्यावर जरा नाराज हाय, पन पोरगी त्यांना लई आवडली. त्या म्हनल्या, आई उगं बाऊ करती, पोरगी तशी न्हाई. दिलेलं गुमान खाल्लं तिनं. म्हनल्या, अशीच सून पायजे. लग्नानंतर समदं बरं हुईल, सवय लागंल तिला."

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते आता आठवत नाही, चांगलं नसणार एवढं नक्की. पण मुलीनं कंगवा खाली ठेवला आणि माझ्या हातातून फोन घेतला.

"मामा," ती म्हणाली, "त्यांना सांगा, मुलीला स्थळ पसंत नाही."

"अगं पन... का म्हनून सांगू?"

"सांगा, ती गुमान खाणारी मुलगी चार दिवसांपूर्वी आमच्याकडे होती. आता नाहीये."