एका घराला एक डबा

भांड्यांच्या दुकानात नाव घालायचं यंत्र चालू असतं, त्याचा आवाज तुम्ही कधी कान देऊन ऐकला आहे का? सुई स्टीलवर टेकली की आधी एक बारीक चीत्कार उमटतो, मग टर्रर्र असा दात आंबवणारा स्वर सुरू होतो आणि टिंबाटिंबांनी एखाद्या संसाराचं नाव धातूच्या अंगावर उगवू लागतं. नव्याने कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं तर मांजराच्या जिभेसारखी खरखर लागते. लहानपणी गावच्या बाजारात आईचा पदर धरून उभी असताना त्या खरखरीचं मला केवढं अप्रूप होतं! आता मात्र लातूरच्या गंजगोलाई बाजारातून जाताना तो स्वर कानी पडला की मी पाऊल मागे घेते. भांड्यांची ओळ टाळण्यासाठी मी चांगला लांबचा वळसा घालते. हसू नका, मी मुळातच भित्री आहे.

आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात ते मिरवण्यासाठी, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. भांडी फिरस्ती असतात. आज वाटीभर विरजण घेऊन शेजारी गेली, उद्या बारशाच्या पंगतीला गेली, परवा कुणाच्या आजारपणात दवाखान्यात जाऊन आली. आई म्हणायची, "नाव असलं की भांडं घरला येतंय." आणि येतानाही ते रितं येत नाही. चार शेंगदाणे का होईना, त्यात घालूनच परत करायचं, ही आपली रीत. भरून गेलेलं भरून परतावं आणि नावाने त्याला घरची वाट दाखवावी, यापरतं सुंदर नातं दोन उंबरठ्यांमध्ये दुसरं कोणतं असेल? पण ज्या नावामुळे भांडं घरी परत येतं, त्याच नावामुळे माणसाचं घर सुटायची वेळ आली तर?

मी लातुरात एका शाळेत मराठी शिकवते. रेखा घरीच शिवणाचा वर्ग चालवते. आम्ही दोघी एकत्र राहतो. परक्यांसाठी आम्ही मावसबहिणी आहोत, ओळखीच्यांसाठी मैत्रिणी. आमच्यापुरत्या आम्ही काय आहोत, ते सांगायला मला अजून धड शब्द सापडलेला नाही, आणि म्हणे मी मराठीची शिक्षिका! तिने केलेल्या चहाशिवाय माझी सकाळ होत नाही आणि माझी चप्पल जिन्यावर वाजल्याशिवाय तिची संध्याकाळ होत नाही, एवढं सांगितलं तर तुम्हाला कळेल. खोली आहे शिवलिंगअप्पांच्या माडीवर. अप्पांचं आडत दुकान. रेखाचा थोरला भाऊ औशाचा, त्याचं धान्य वर्षानुवर्षं त्यांच्याच दुकानी येतं. त्या ओळखीवरच तर ही खोली मिळाली. बहीण विश्वासाच्या घरी आहे, म्हणून दादा निश्चिंत असतो. म्हणजे आमच्या डोक्यावरचं छप्पर आणि आमच्यावरचा पहारा, दोन्ही एकच! एका दिवाळीत तो जिन्यातच उभा राहून म्हणाला होता, "लोकं बोलायलेत रेखा. चांगलं स्थळ आलंय. नीट बोलायलाव तंवर ऐक, न्हाईतर गाडी घेऊन येतो अन् नेतो." त्याला वाटत होतं, बहीण नुसती हट्टी आहे. खरं कळलं असतं तर तो आधी सांगायला आला नसता, सरळ गाडी घेऊनच आला असता. तेव्हापासून खाली कुठलीही गाडी थांबली की रेखाचं शिवणयंत्र थांबतं.

त्या भीतीनेच आम्हाला नांदेडला नेलं. संक्रांतीच्या दिवसांत तिथे सरकारने आमच्यासारख्यांसाठी मेळावा भरवला होता. आरोग्य तपासणी, ओळखपत्रं, कायद्याचा मोफत सल्ला, सगळं एका सभागृहात. असाच मेळावा लातुरातही होणार होता, पण ओळखीचं कुणी दिसेल या धास्तीने आम्ही एसटी पकडून परजिल्ह्यात गेलो. तिथेही दाराजवळच्या खुर्च्या धरल्या. फोटो काढणारा आमच्या बाजूला वळला की दोघींच्या पर्समधलं काहीतरी एकदम हरवायचं आणि माना खाली जायच्या. शेजारी एक उंचीपुरी तृतीयपंथी बसली होती, केसांत अबोलीचा घसघशीत गजरा. ती आमची गंमत बघत होती. "काय गं चिमण्यांनो, दाराजवळ बसल्या? इथं कोन खातंय तुमाला?" असं म्हणून ती खळखळून हसली, आणि मग हळूच म्हणाली, "तुमचं बरंय बाई. तुमाला लपता तरी येतंय. आमी कुटं लपावं?" माझ्या भीतीचा कुणाला हेवा वाटू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

सल्ला देणारी वकीलबाई वयाने लहान होती, पण बोलायला ठाम. दोघी सज्ञान आहात, तुम्हाला बळजबरीने कुणी नेऊ शकत नाही, कुणी आलंच तर या नंबरावर फोन करा, पोलिसांना तसे आदेश आहेत, असं तिने समजावून सांगितलं. रेखाचा चेहरा दिवाळीनंतर पहिल्यांदाच सैल झाला. मलाही धीर आला, नाही असं नाही. पण मनाची खोड बघा! सभागृहातला तो आदेश आमच्या जिन्यापर्यंत पोचायला किती वेळ घेईल आणि औशाहून निघालेली गाडी किती वेळ घेईल, याचा हिशोब मी तिथेच बसून करू लागले. सरकार चांगलं बोलत होतं, त्याच्या बोलण्यात खोट नव्हती, पण ते नांदेडात होतं आणि आम्हाला संध्याकाळी लातूरला परत जायचं होतं.

निघताना वाण. संक्रांत ती, बायकांना रिकाम्या हाती कसं पाठवायचं! मेळाव्याच्या अधिकारीबाई मायाळू. त्यांनी झाकणाचे स्टीलचे डबे आणले होते आणि हौसेने त्यांवर नावही घालून घेतलं होतं. "जेवढी घरं तेवढेच डबे आणलेत हो, एका घराला एक," त्या सांगत होत्या. "आमी एवढ्या जनी एका घरात, एका डब्यात काय हुतंय मॅडम?" गजरेवालीने मागून आवाज टाकला आणि सगळं सभागृह हसलं. त्या हशातच बाई आमच्यासमोर आल्या, हातात एकच डबा. "तुम्ही दोघी एकाच घरच्या ना?" मी मावसबहिणींची नेहमीची कथा जुळवत होते, तेवढ्यात रेखा म्हणाली, "हाव." एवढंच! इतक्या वर्षांत आमचं घर हे एक घर आहे का, असं कुणी विचारलं नव्हतं आणि आहे, असं आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं. मी डबा हातात घेतला. पोटावर गोलाकार कोरलं होतं, ‘समलिंगी व तृतीयपंथी सन्मान मेळावा, नांदेड. सप्रेम भेट.’ अक्षरं बोटांना खरखरीत लागली.

देणाऱ्याचा हेतू गंगेसारखा निर्मळ होता. पण ज्याला अंधारात राहण्याची सवय झाली आहे, त्याच्या हाती पेटता कंदील देऊन त्याला घरी पाठवावं, तसं झालं. परतीच्या एसटीत मी तो पिशवीत, पिशवी शालीत आणि शाल मांडीवर धरून बसले. वाटेत मी म्हटलं, कुठेतरी ठेवून देऊ. "आपल्या घराला मिळालेला हाय," रेखा म्हणाली. डबा घरी आला. फळीवर सगळ्यात मागे, अक्षरं भिंतीकडे करून बसला. रेखाने त्यात तीळ भरले, पुढे पोहे भरले. महिने गेले. रोज हाताखाली असलेलं अक्षर हळूहळू दिसेनासं होतं. भीतीही तशीच असते. जाते असं नाही, नुसती भांड्यांच्या मागे जाऊन बसते.

मग येळवस आली. लातूरकडच्या माणसाला हिचं वर्णन करून सांगायला नको, पण तुम्ही दूरचे असाल तर सांगते. मार्गशीर्षाच्या अवसेला आमच्याकडे सगळी घरं शेतावर जातात. कडबा उभा करून केलेल्या कोपीत पूजा होते, बायकांनी आदल्या दिवसापासून रांधलेली पालेभाज्या न् हिरव्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, खीर असं सगळं रानात जातं आणि वाटेने जाणाऱ्या परक्यालाही हाताला धरून जेवायला बसवतात. या धुऱ्यावरचे, म्हणजे बांधावरचे, त्या धुऱ्यावर जातात, घासभर तरी खातात. अप्पांचं शेत औसा रस्त्याला, आणि दादाचं तिथून हाकेच्या अंतरावर. म्हणून आम्ही पेपर तपासायचं निमित्त सांगून मागे राहिलो. "येळवशीला कोन घरात बसतंय का बाई!" महानंदाकाकू, म्हणजे अप्पांच्या मंडळी, माझ्यावर रागावल्यासुद्धा. आदल्या संध्याकाळी त्यांनी जिन्यातून हाक दिली, "रेखा, झाकनाचा डबा हाय का गं एखादा? भज्जीला भांडी पुरंनात." रेखा शिवणाच्या घाईत होती. ताटाळ्यात धुऊन पालथा घातलेला डबा तिने उचलला आणि जिन्यातच त्यांच्या हातात दिला. मी शाळेतून आले तेव्हा ती गाणं गुणगुणत होती.

मला कळलं ते सकाळी, पोहे जुन्या बरणीत दिसले आणि डबा कुठे म्हणून मी विचारलं तेव्हा. तोवर अप्पांची गाडी निघून गेली होती. रेखाच्या हातातली कात्री खाली पडली. "मी बघितलंच न्हाई गं," ती म्हणत राहिली, "बघितलंच न्हाई."

येळवशीच्या दिवशीचं लातूर तुम्ही पाहिलं आहे? संचारबंदी नसते, पण रस्ते ओस, दुकानं बंद, एरवी हॉर्नशिवाय न सरकणाऱ्या चौकात कुत्री आडवी पसरलेली. तो दिवस आम्ही दोघींनी खिडकीशी बसून काढला. रानात आता पंगत बसली असेल, डबा हातोहात फिरत असेल, असं सारखं मनाशी येई. अप्पा रोजचा पेपर अथपासून इतिपर्यंत वाचणारे. काकू चष्मा लावून पोथी वाचतात. दादा आग्रहाने आलेला असणार, मानाच्या जागी बसलेला असणार, आणि भज्जी वाढून घेताना त्याची नजर डब्याच्या पोटावर गेली तर? पेटीतून वकीलबाईंचा नंबर काढून मी फोन समोर ठेवला. काय सांगायचं त्यांना? अजून कुणी आलेलं नाही, कुणी काही बोललेलं नाही, पण मला फार भीती वाटते आहे, असं सांगितलं तर सरकार येतं का? रेखाने एका पिशवीत दोन साड्या भरल्या, मग काढल्या, मग पुन्हा भरल्या. "नेलं तर नेलं," ती म्हणाली, "पन तू खाली येऊ नकोस. तुला मारतील." मी तिचा हात घट्ट धरून ठेवला.

दिवस कलला तशी अप्पांची गाडी आली, मागोमाग एक फटफटी. दारं आपटली, खाली माणसांचा गलबला झाला, आणि त्यात मला दादाचा आवाज ओळखू आला. तो खरंच आला होता! अप्पा त्याला चहाला थांब म्हणत होते. मग जिन्यावर पावलं वाजली, जड आणि सावकाश. रेखा माझ्यामागे सरकली. दारात काकू उभ्या होत्या, धापा टाकत, कपाळावर भंडारा, पायांना रानातली काळी माती. डबा त्यांनी पोटाशी धरला होता, पदराने चहूबाजूंनी लपेटलेला, आणि पदरावरून दोन्ही तळहात दाबून. खालून दादाने विचारलं, "काकू, काय हो एवढं जपून न्यायलात?" काकूंनी मान वळवली आणि साऱ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "भज्जी हाय रे बाबा, पोरींसाठी. लई गरम हाय, हात भाजायलेत माझे!"

मग त्या उंबरठा ओलांडून आत आल्या, पायाने दार लोटलं आणि डबा माझ्या हातात दिला. पदर सोडवून घेताना एकदा रेखाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. त्या पाहण्यात माया होती का? राग होता का? मला अजूनही सांगता येत नाही. "असलं भांडं बाहेर देऊ नये गं," एवढंच त्या हलक्या आवाजात म्हणाल्या आणि दादाच्या चहाचं बघायला खाली गेल्या. थोड्या वेळाने त्याची फटफटी सुरू झाली, गल्लीच्या तोंडाशी गेली आणि ऐकू येईनाशी झाली.

भीती गेली असं मी म्हणणार नाही. काकूंचं मन उद्या बदलू शकतं, त्यांनी पदर घालायच्या आधी आणखी कुणी वाचलं असेल, दादा पुन्हा येईलच. भांड्यांच्या ओळीतून मी आजही जात नाही. पण त्या संध्याकाळी दार लावून आम्ही दोघी त्या डब्याशी बसलो होतो, तेव्हाचं एक सांगायचं राहिलं. झाकण काढायच्या आधी मी त्याच्या पोटाला हात लावला. रात्रीच रांधलेली भज्जी, दिवसभर रानातल्या थंडीत राहिलेली. डबा गारठून गेला होता. माझ्या बोटांना लागली ती फक्त त्या अक्षरांची खरखर, आणि शेतापासून आमच्या दारापर्यंत ती काकूंच्या तळहातांना लागत आली होती.