मागून ढकलणारी गाडी

आमच्या घरात भांडण होतं ते चाकांवरून. गाडीला जोर पुढच्या चाकांनी द्यायचा की मागच्या, आणि कंपन्यांनी मागच्या चाकांवर चालणाऱ्या मोठ्या गाड्या बनवत राहाव्यात की एकदाच्या बंद कराव्यात, यावरून. इतर घरांत लोक सुनेवरून भांडतात, जागेवरून भांडतात. आमचं सगळंच जगावेगळं.

भांडणारी दोघं. एक आमचे हे, दिगंबर, मूळचे कराडकडचे, माझं माहेरही तिथलंच. हवाई दलात ड्रायव्हर म्हणून सारी नोकरी केली, साहेबांच्या लांब काळ्या गाड्या चालवल्या, आणि शेवटची बदली चंडीगडला झाली तेव्हा इथंच राहिले. आता आम्ही मोहालीत एयरोसिटीत असतो. दुसरी आमची लेक ईश्वरी. इथल्याच नॉलेज सिटीत संशोधन करते, बॅटऱ्यांवर. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं.

"पुढच्या चाकांनी फक्त वळायचं," हे ताटात पोळीचा तुकडा फिरवून सांगायचे. "ढकलायचं काम मागच्यांचं. एकाच चाकावर दोन्ही कामं लादली की ते एकही धड करत नाही. मागं बसलेल्याला कसं वाटलं पाहिजे? कुणी पाठीवर हात ठेवून हळूच पुढं नेतंय असं. कंपन्यांना अक्कल असती तर असल्या गाड्या कधी कमी केल्या नसत्या."

"बाबा, दो लोगों के लिए इतनी लंबी गाड़ी?" ईश्वरी म्हणायची. "इतना वज़न, इतना पेट्रोल, किसलिए? छोटी बनाओ, हलकी बनाओ."

"मग सायकल घे की!"

"आई, तू बोल ना यार!"

मी काय बोलणार? मला चाकांतलं ओ की ठो कळत नाही. माझं दुखणं निराळंच होतं. ते सीटचं होतं.

यांनी निवृत्तीनंतर लिलावातून एक जुनी, लांबलचक गाडी घेतली. मागच्या चाकांवरचीच, हे काय सांगायला हवं? धुऊन पुसून दारात उभी केली, मागचं डावं दार उघडलं आणि ताठ उभं राहून म्हणाले, "बसा मेमसाहेब." जन्मभर दुसऱ्यांच्या बायकांना दार उघडलं, आता स्वतःच्या बायकोला उघडणार, असं म्हणताना यांचा आवाज जड झाला होता. मला इतकं भरून आलं की मी निमूट बसले. ती जी बसले, ती बसलेच! पुढं शेजारी येते म्हटलं की यांचं ठरलेलं उत्तर, "तिथं साहेबांचा ऑर्डर्ली बसतो, सरोज. तू मागं." आता या माणसापुढं डोकं आपटायचं का? लोकांच्या बायका नवऱ्याशेजारी बसून शेंगा सोलत जातात, आणि मी मागं एकटी, राज्यपालीणबाई. मला दिसायचे ते मानेवरचे पांढरे होत चाललेले केस आणि आरशात भुवयांची पट्टी. शिवाय ड्रायव्हरनं मान वळवून मागच्या सीटशी बोलायचं नसतं म्हणे. शिस्त!

पण खोटं कशाला बोलू? त्या मागच्या सीटवर मी अर्धी झोपेत, अर्धी स्वप्नात फार सुखात फिरले. हिवाळ्यात सकाळी धुकं इतकं दाट असायचं की चंडीगडच्या सेक्टरांचे सरळ रस्ते अर्ध्यावर पुसल्यासारखे वाटत. चौक यायचा, गाडी सावकाश गोल वळायची, आणि आपण कुठून आलो नि कुठं चाललो याचा मला पत्ता राहायचा नाही. सुखना तलावावर पोचलो तरी पाणी दिसायचं नाही, नुसतं पांढरं, आणि त्यात कुठून तरी वल्ह्याचा आवाज. मे महिन्यात बहाव्याचे पिवळे घोस काचेवरून सरकत जायचे. सीटखालून गाडी मऊपणे, बिनघाईची, ढकलत राहायची. मी डोळे मिटायची आणि कराडच्या नदीकाठानं चालल्यासारखं वाटायचं, आई घाटावर धुणं घेऊन उभी, मला हाक मारतेय. डोळे उघडले की पुन्हा धुकं आणि यांची मान.

मागच्या वर्षी ती गाडी संपली. इंडस्ट्रियल एरियातला आमचा मेकॅनिक बलकार सिंग तिच्याखाली घुसला, बराच वेळ खुडबुड केली आणि हात पुसत बाहेर आला. "बाउजी, पीछे का सारा काम खत्म. सामान ही नहीं मिलता अब. जाने दो." गाडी ओढून नेली तेव्हा हे आत गेले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

ईश्वरीला संस्थेच्या आवारातच घर मिळालं होतं, गाडी लागत नव्हती, म्हणून तिनं आपली छोटी पांढरी गाडी आमच्या दारात आणून लावली. पुढच्या चाकांवर चालणारी. यांनी किल्लीला हात लावला नाही. "ही ओढणारी गाडी आहे. माझ्या हातांना हिची भाषा येत नाही," म्हणाले आणि व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले. ते रोज तिथंच बसायला लागले. तापात फणफणतानाही बुटांना पॉलिश करणारा माणूस, दाढी करेना, चहा निवून गेला तरी भान नाही. मला भीती वाटायला लागली, स्पष्ट सांगते. गाडी गेली तर गेली, पण तिच्यामागं माझा माणूसही चालला होता. यांनी पुन्हा स्टिअरिंग हातात धरलं नाही तर हे त्या खुर्चीतून कधी उठायचे नाहीत, हे मला कळून चुकलं.

फेब्रुवारीत मी पदर खोचला. "मला कसौलीला न्या. नाहीतर मी टॅक्सी करते आणि त्या टॅक्सीवाल्याच्या शेजारी बसून जाते!"

यांना ते बरोबर झोंबलं. उठले. दाढी केली. निघण्याआधी शेजारच्या बांधकामावरून वाळूची दोन पोती मागून आणली आणि डिक्कीत टाकली. "घाटात बर्फ लागला तर? श्रीनगरला आम्ही प्रत्येक गाडीत मागं वाळू ठेवायचो. चाक कसं जमिनीला धरून राहतं." कितीतरी दिवसांनी यांच्या आवाजात हुकूम आला होता, मी कशाला तोंड घालते? मागचं दार उघडलं. "बसा मेमसाहेब." बसले. माझंही वजन पोत्याहून काही कमी नाही.

परवाणूपर्यंत झकास. धरमपूरला कसौलीचा फाटा घेतला आणि आभाळ खाली आलं. पाइनच्या झाडांमधून बर्फ भुरभुरत होता, रस्त्याला लागला की विरघळत होता. एका उभ्या चढावर इंजिन किंचाळायला लागलं आणि गाडी जागची हलेना. मग हलली, ती मागं! नाक वर करून, अगदी सावकाश घसरत गेली आणि कठड्याला टेकली. काही फुटलं नाही, कुणाला लागलं नाही. सगळीकडं पांढरं, आवाज कसलाच नाही. ढगात बसल्यासारखे आम्ही बसलो होतो.

यांनी हँडब्रेक ओढला आणि हात मांडीवर ठेवले.

"वाळू," म्हणाले. "सरोज, मी उलटं केलं. हिचा जोर पुढच्या चाकांत, आणि मी वजन घातलं मागं. पुढची चाकं हलकी झाली, पकड सुटली. जन्मभर गाड्या चालवल्या आणि हे सुचलं नाही मला." मग खिशातून फोन काढून, "धरमपूरहून एखादा ड्रायव्हर बोलावतो. तो नेईल खाली. मी आता नाही चालवायचा."

परका माणूस त्या सीटवर बसला की संपलंच सगळं.

"बोलवा ना, बोलवा!" मी कडाडले. "मग तुम्ही दोघं जा खाली, मी बसते इथंच कठड्यावर. अहो, वाळू चुकीच्या जागी ठेवली, एवढंच ना? मग काढा तिथनं! माझ्या पुरणपोळ्या किती वेळा फुटल्या, मी काय लाटणं फेकून दिलं?"

हे आरशातून माझ्याकडं बघत राहिले. मग उतरले. दोन्ही पोती ओढून बाहेर काढली, फोडली आणि गुडघे टेकून पुढच्या चाकांखाली हातानं वाळू पसरली, रांगोळी घालावी तशी निगुतीनं. मग येऊन माझं दार उघडलं.

"पुढं ये."

"तिथं ऑर्डर्ली बसतो ना?"

"वजन पुढं पाहिजे," यांनी मान खाली घालून सांगितलं. "असेल तेवढं सगळं."

वजनावरून बोललेलं मी आजवर कुणाचं ऐकून घेतलेलं नाही. पण त्या दिवशी अशी लगबगीनं उतरले की एक चप्पल चिखलात निसटली, ती हातात धरली आणि पुढच्या सीटवर धपकन बसले. गाडीचं नाक खाली दबलं, अगदी शपथेवर सांगते. यांनी क्लच हळूहळू सोडला. चाकांखाली वाळू करकरली, आणि ती एवढीशी गाडी आम्हा दोघांना ओढत वर निघाली.

मी रस्त्याकडं बघतच नव्हते. गाडी चालवणारा माझा नवरा मी पहिल्यांदाच शेजारून बघत होते. यांचे ओठ हलत होते. वाटलं, देवाचं नाव घेताहेत. कान दिला.

"डावीकडं वळण आहे, सरोज, धरून बस... आता खड्डा, जरा हिसका बसेल... ते बघ, माकडाचं पिल्लू भिजलंय... आता सरळ आहे, झोप हवी तर."

पुटपुटणंच ते, जुन्या सवयीचं. आपण किती हळू बोलतोय हे यांच्या ध्यानातही नव्हतं.

"अहो, हे नेहमी म्हणता तुम्ही?"

"काय?"

"हेच. वळण आहे, धरून बस."

"म्हणतो की. पहिल्यापासून." हे गोंधळले. "तुला ऐकू येत नव्हतं? मला वाटायचं, ऐकता ऐकताच तुझा डोळा लागतो."

मला रडू फुटलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. "एक शब्द नाही हो ऐकू आला! कशाला मेल्या एवढ्या लांब गाड्या बनवतात!"

वायपर काच पुसत राहिले. चढ संपत आला होता, धुक्यातून कसौलीचं एक लाल छप्पर वर आलं आणि पुन्हा बुडालं.

"उजवीकडं वळण आहे," हे म्हणाले. या वेळी मोठ्यानं.

"बसलेय धरून," मी म्हटलं.