इवायांची चिनी बिही

आमच्या इवायांइतका, म्हणजे व्याह्यांइतका, हट्टी माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात दुसरा नाही, आणि असलाच तर तो यांच्याचकडून शिकून गेलेला असणार. पूर्णेला रेल्वेत गार्ड म्हणून त्यांचा जन्म गेला. रिटायर झाल्यावर माणसं पारावर बसतात, हॉटेलात बसतात. हे एका झाडापाशी जाऊन बसले ते आजतागायत उठलेले नाहीत. झाड चिनी बिहीचं. खोकल्यावर आपल्याकडे बिहीदाणा भिजवून देतात ना, त्या बिहीची ही चिनी चुलत बहीण. त्यांची एकुलती लेक, म्हणजे आमची सूनबाई, डॉक्टरकी शिकायला चीनला होती. तिच्या होस्टेलसमोर हे झाड होतं. एका सुट्टीत तिनं त्याचं पिवळंधमक फळ बॅगेत कपड्यांच्या घडीत घालून आणलं. घरभर असा काही वास सुटला की व्याह्यांनी फळ कापून आधी बिया काढल्या आणि अंगणात पुरल्या.

झाड बघता बघता डोक्याच्या वर गेलं, पण फुलायचं नाव नाही. म्हणून व्याही थांबले असं मात्र समजू नका. तिकडे या फळाचे काप वाळवून सांधेदुखीवर काढा करतात, वासासाठी फळ कपाटात ठेवतात, मुरांबा घालतात, एवढं लेकीनं सांगितलं आणि यांनी न आलेल्या फळांचं वाटप सुरू केलं. शेजारच्या मावशी पायरी चढताना कण्हल्या की हे अंगणातून ओरडणार, ‘‘मावशी, दम धरा! पयलं फळ तुमच्या गुडघ्याला!’’ मावशी म्हणतात, ‘‘भाऊ, तवर मी ऱ्हाते का?’’ झाडाकडे शेळी फिरकली की गार्डाची शिट्टी. घर स्टेशनच्या वाटेवर. एकदा ती शिट्टी ऐकून एक पाहुणा गाडी सुटली समजून पिशवी टाकून धावत सुटला. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, ‘‘इवाई, चिनी झाड आपल्या मातीत कशाला फुलतंय?’’ तर म्हणाले, ‘‘गाडी लेट हाय, रद्द न्हाई.’’

आता सूनबाई आणि माझा मुलगा आयर्लंडला असतात. लग्नानंतर एकदाच आले, तेही घाईघाईत. ‘‘कवा येतीस बाई?’’ असं व्याही दर फोनला विचारायचे. एकदा ती हसत म्हणाली, ‘‘बाबा, तुमच्या झाडाला फूल आलं की लगेच येते.’’ ती हसत म्हणाली हो, पण यांच्यासाठी सिग्नलच पडला! कुणाकडून तरी कळलं की या झाडाला फुलायला कडक थंडी लागते. झालं, थंडीच्या दिवसांत स्वारी निघाली येलदरीला, धरणावरच्या मासेवाल्यांकडे बर्फ आणायला. गावातला बर्फ सरबताचा, त्यात दम नाही म्हणे. परतताना एसटीत कंडक्टरनं थर्माकोलच्या खोक्याकडे बघत, नाक दाबून विचारलं, ‘‘मासे कुठवर न्यायलाव?’’ ‘‘मासे न्हाईत. बर्फ हाय, झाडाला घालायलाय.’’ कंडक्टरनं एकदा यांच्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं पुढच्या सीटवर गेला. निम्मा बर्फ परभणीपर्यंतच वितळला. उरलेला बुंध्याशी घातला, तर माशांच्या वासानं गल्लीतली यच्चयावत मांजरं झाडाभोवती पंगतीला बसली. विहीणबाई म्हणाल्या, ‘‘फूल न्हाई, आता मासेच लागतेत बघा याला.’’

यंदा होळीच्या आधी त्यांचा फोन आला. ‘‘जयभीम इवाई. या.’’ एवढंच. एरवी तासभर बोलणारा माणूस! तसाच पूर्णेला गेलो. व्याही धुतलेला शर्ट घालून झाडाखाली उभे होते. शेंड्याकडच्या फांदीवर एकच फूल होतं, फिकट गुलाबी, फार सुरेख. मी फोटो काढायला मोबाईल बाहेर काढला, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

‘‘नका इवाई. तिला सांगू नका.’’

‘‘अहो, हा सगळा खटाटोप तिच्यासाठीच ना?’’

‘‘फूल आलं की येते म्हणली ती. आता सांगितलं, अन् तिला सुट्टी न्हाई भेटली, तर?’’ ते फुलाकडेच बघत होते. ‘‘मंग आमी वाट कशाची बघावं?’’

मी मोबाईल खिशात टाकला. या माणसाला मी इतकी वर्षं येडा समजत होतो. विहीणबाईंनी चहा आणला. तेवढ्यात तिचाच व्हिडिओ कॉल आला. व्याह्यांनी घाईघाईनं खुर्ची फिरवली, पाठ भिंतीला लावली आणि तोंड झाडाकडे केलं.

‘‘बाबा, झाड काय म्हणतंय?’’

‘‘पानं लय आलेत बाई,’’ फुलावरची नजर न काढता ते म्हणाले, ‘‘फूल न्हाई अजून.’’

‘‘पप्पा, तुम्ही तरी खरं सांगा,’’ ती मला म्हणाली. तिच्या मागून माझा मुलगा डोकावला. जरा वाळल्यासारखा वाटला. या रे, आलंय फूल, असं अगदी ओठांवर आलं होतं माझ्या.

‘‘नाही गं,’’ मी म्हटलं. ‘‘अजून नाही आलं.’’