खंडेनवमीला बंद केलेला कॉम्प्युटर

आमच्या घरी खंडेनवमीचा मान माझ्या सासऱ्यांचा. अंबरनाथच्या एका कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी फिटर म्हणून काढली, आणि निवृत्तीनंतरही त्यांची हत्यारांची पेटी पलंगाखालून हलली नाही. नवमीच्या सकाळी ती पेटी बाहेर यायची. पाने, कानशी, हातोडी, व्हर्नियर, सगळं रॉकेलने पुसून, तेलाचा हात फिरवून पाटावर मांडायचं. त्यांच्या शेजारी माझा मिक्सर, शिवणाचं मशीन, इस्त्री. खाली नवऱ्याची स्कूटर. आणि गेली वीस वर्षं माझा कॉम्प्युटर.

पूजेचा नियम एकच होता, पण तो मोडलेला त्यांना खपत नसे. मशीन थांबलेलं पाहिजे. वर्षभर राबलेल्या वस्तूला त्या दिवशी विसावा द्यायचा, आणि दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं वाटून झाल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. ते म्हणायचे, "चालू मशीनला कुंकू लावतात का कवा?" सासरे इथल्याच खरवई गावचे, शेतावर वाढलेले. बोलणं शेवटपर्यंत गावचंच राहिलं. माझं माहेर अंबरनाथचं, कॉलनीतलं. लग्न होऊन आले तेव्हा त्यांचं निम्मं बोलणं मला कळत नसे, आणि कळायला लागलं तेव्हा ते बहुतेक माझ्या चुकांबद्दलच असायचं.

मी घरी बसून मराठी टायपिंग करते. शाळांच्या आणि क्लासेसच्या प्रश्नपत्रिका. बोटांना सवय आहे ती जुन्या काळच्या एका टायपिंगच्या प्रोग्रॅमची. नव्या सिस्टीमवर तो रडतखडत चालायचा. भाच्याने हौसेने कॉम्प्युटरवर नवी सिस्टीम घालून दिली होती, ती त्या जुन्या डब्याला झेपत नव्हती, पण मी रेटत होते.

त्या वर्षी सहामाहीच्या पेपरांची घाई होती. नवमीच्या आदल्या दिवशी कॉम्प्युटर बंद करायचा राहिला. सकाळी मी झेंडूची फुलं आणायला बाजारात गेले, आणि मागे त्या कॉम्प्युटरने आपणहून अपडेट सुरू केलं. पडद्यावर इंग्रजीत लिहून येतं तसं आलं असणार, की काम चालू आहे, बंद करू नका. बाबांचा, म्हणजे सासऱ्यांचा, चष्मा देवघरात होता. त्यांना दिसले ते गोल गोल फिरणारे ठिपके. ते दहा मिनिटं खुर्चीवर बसून वाट बघत राहिले, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. मग त्यांना वाटलं, अडकलं असेल. त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं, फडक्याने डबा पुसला, कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. मी आले तेव्हा सगळं मांडून झालं होतं. मी वर झेंडूचं फूल ठेवलं आणि नमस्कार केला.

दसऱ्याच्या संध्याकाळी शेजारची मंडळी आपट्याची पानं घेऊन दारात उभी होती. बाबा सोनं देत होते. मी आत जाऊन कॉम्प्युटर लावला. काळा पडदा, वर एक पांढरी रेघ. पुन्हा लावला, तेच. मग काय घडलं होतं ते त्यांच्या तोंडून कळलं, आणि माझं डोकं फिरलं. मला राग आला की मी माणसं बघत नाही.

"तुमच्या पूजेनं माझं मशीन मेलं, बाबा," मी सगळ्यांसमोर म्हटलं. "आता घरात कशाला हात लावू नका. कशालाच."

त्यांच्या हातात आपट्याचा डहाळा तसाच राहिला. शेजारणीने विषय बदलला. माझ्या नवऱ्याने नेहमीप्रमाणे खाली स्कूटर बघायची असल्याचं आठवून जिना गाठला.

दोन दिवसांनी तोच नवरा, तीच स्कूटर, आणि पायांत चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटर, असे आम्ही उल्हासनगरला गेलो. तिथला सिंधी दुकानदार माझा जुना ओळखीचा. त्याने डबा एक दिवस ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले तर हार्डडिस्क बाहेर काढून टेबलावर ठेवलेली.

"भाभी, तुमचा सगळा डेटा निघाला, टेन्शन नको," तो म्हणाला. "लेकिन ये डिस्क तो कब से मर रही थी. महिनोंसे. बघा किती जागा खराब आहे. आज नहीं तो कल जाती."

"सासऱ्यांनी मध्येच बटण बंद केलं होतं," मी म्हटलं.

"अरे साईं, बटण का क्या दोष? अपडेट अडकला होता तोच डिस्क खराब म्हणून. बंद नसतं केलं तरी हेच होणार होतं. बाबांना काय बोलू नका हां."

त्याने नवी डिस्क घातली आणि वर जुनी सिस्टीम टाकली, कॉम्प्युटर ज्या सिस्टीमसकट पहिल्यांदा घरी आला होता ती. म्हणाला, याला ही झेपेल, तुमचं टायपिंगही नीट चालेल, फक्त अपडेट घरी करून घ्या, वेळ खातात.

घरी आले तेव्हा बाबा दारातच होते. मी रिक्षातून उतरताना त्यांनी गॅलरीतून पाहिलं असणार.

"काय बोलला तो?"

सांगायला एक वाक्य लागलं असतं. तुमची चूक नव्हती. मी चपला काढत म्हटलं, "बघतेय अजून. वेळ लागेल."

का, ते आता लिहून टाकते, कारण बोलून दाखवायला मला फार दिवस लागले. वीस वर्षं या माणसाने माझ्यामागे गॅसचं बटण तपासलं. मी बंद केलेली गोष्ट पुन्हा एकदा बंद आहे का ते बघितलं. मिक्सरचं झाकण नीट बसलं नाही की "हात जाईल एक दिवस" असं ऐकवलं. आयुष्यात एकही मशीन बिघडवलं नाही हा त्यांचा अभिमान, आणि तो त्यांनी मला उठताबसता ऐकवलेला. आता पहिल्यांदाच चूक त्यांच्या नावावर होती. मला ती तिथे बरी वाटली. स्वतःला मी सांगितलं ते वेगळं. आधी सगळं नीट चालू होऊ दे, मग सांगू.

आणि ते चालूच होईना. माझा प्रिंटर नवा, सिस्टीम जुनी. प्रिंटर म्हणे, आधी अपडेट घाला, मग मी ओळख देईन. मी अपडेट शोधायला लावले. खिडकीत एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकायची, पुन्हा डावीकडून यायची, आणि वर लिहिलेलं, अपडेट शोधत आहे. सकाळी लावलं, दुपारचं जेवण झालं, भांडी झाली, पट्टी सरकतेच आहे. आतला पंखा घरघरत होता. बंद करून पुन्हा लावलं. दुसरा दिवस तसाच गेला. ज्या कंपनीची सिस्टीम तिने तिची काळजी घेणं कधीच सोडलेलं, आता कुणाला विचारायचं हाही प्रश्न होता.

रोज सकाळी चहा झाला की बाबा दारातून विचारत, "बाय, झाला का?" खोलीत पाऊल टाकत नसत. हात पाठीमागे बांधलेले. मी पडद्याकडे बघतच "नाही" म्हणे. ते "बरा" म्हणून परत जात.

त्या दिवसांत त्यांनी पंखा लावला नाही, हे मी पाहिलं होतं. टीव्हीसमोर बसत, पण टीव्ही बंद. नवरा आनंदनगरच्या कामावरून आला की तो लावणार आणि मग बातम्या. मी मनात म्हटलं, रुसलेत. रुसू देत. म्हाताऱ्या माणसांचं हे नखऱ्याचं रुसणं मला नवं नव्हतं, आणि मला पेपरांची काळजी होती.

दुकानदाराला फोन केला. तो हसला. जुन्या सिस्टीमचं हे नेहमीचं, म्हणाला. जे यंत्र अपडेट शोधतं तेच आधी जुनं झालेलं असतं. त्यालाच आधी दोन छोट्या फाइली घालाव्या लागतात, हाताने. त्या त्याने नवऱ्याकडे पेनड्राइव्हवर पाठवल्या. "पहले एक नंबर, फिर दो नंबर. उलटा नको."

मी एक नंबर घातला. तोही म्हणाला, या कॉम्प्युटरवर अपडेट शोधत आहे, आणि पट्टी सरकायला लागली. तास झाला, दोन झाले. मी काढला, पुन्हा घातला. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा मी माउस टेबलावर आपटला आणि मला रडू आलं. शाळेतून दोन फोन येऊन गेले होते.

बाबा दारात उभे होते, ते मला माहीत नव्हतं.

"काय करतंय तो?" त्यांनी विचारलं.

चिडूनच का होईना, मी सांगितलं. आत एक जण सतत शोधत बसलाय, त्यालाच दुरुस्त करायला हा सुटा भाग आणलाय, आणि भाग बसतच नाही.

"तो आतला चालूच हाय?"

"हो."

"मग कसा बसल?" ते म्हणाले. "फिरत्या मशीनमदी भाग बसवतात का? आधी थांबव त्याला. पूर्न थांबव. मग घाल." एवढं बोलून, आपण आगाऊपणा केला असं वाटल्यासारखे, ते बाहेर निघून गेले.

मी डोळे पुसले. मग शोधून शोधून ती जागा काढली जिथे आतली कामं एकेक करून थांबवता येतात. अपडेट शोधणाऱ्याला थांबवलं. आपणहून पुन्हा उठू नये म्हणून अपडेट कधीच शोधू नका असं सांगून ठेवलं. इंटरनेटची वायर काढली. कॉम्प्युटर बंद करून लावला आणि एक नंबर घातला. तीन मिनिटांत बसला. दोन नंबर बसला. वायर जोडली, आता शोध म्हटलं, आणि चहा गाळून होईपर्यंत पडद्यावर अपडेटची लांबलचक यादी आली. दोन दिवस ती एकेक उतरत राहिली. प्रिंटरने ओळख दिली. प्रश्नपत्रिकेचं पहिलं पान सरळ, स्वच्छ बाहेर आलं.

आता सांगायला काहीच अडचण उरली नव्हती. दुकानदाराने सांगून आठ दिवस झाले होते.

सकाळी चहा झाल्यावर ते दारात आले. "बाय, झाला का?"

"झाला," मी म्हटलं. "बाबा, तुम्ही थांबवायला सांगितलंत म्हणून झाला. आणि ते बिघडलं होतं ते तुमच्यामुळे नव्हतं. आतली डिस्क आधीच खराब होती. बटण बंद केलं नसतं तरी गेलीच असती."

मला वाटलं होतं, आता ताठ होतील, काहीतरी टोचून बोलतील. मला ते हवंही होतं. म्हणजे हिशोब मिटला असता.

"मी नाय बिघडवला?"

"नाही."

"त्यो बोलला?"

"हो."

कधी बोलला, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय उत्तर दिलं असतं, ठाऊक नाही. त्यांचे हात पाठीमागून पुढे आले, आणि मग ते अगदी हळू म्हणाले, "मग आता गिझर लावला तर चालंल?"

मला आधी कळलंच नाही. मग त्यांच्या अंगावरची शाल दिसली, सकाळचा तो सर्दीने बसलेला आवाज आठवला, जो मी गेले चार दिवस ऐकत होते आणि हवा बदलली म्हणत होते. दसऱ्यापासून ते रोज पहाटे उठून थंड पाण्याने अंघोळ करत होते. घरात कशालाच हात लावायचा नाही, असं मी म्हटलं होतं. सगळ्यांसमोर म्हटलं होतं. ते रुसले नव्हते. त्यांनी माझं ऐकलं होतं.

"बाबा, अहो, लावा ना," मी म्हटलं. "विचारता काय?"

ते न्हाणीघराजवळ गेले. बटणावर बोट ठेवलं, आणि दाबण्याआधी वळून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, तेव्हा दाबलं.

त्याला आता दोन वर्षं होतील. त्या कॉम्प्युटरवर मी अजून पेपर काढते, काही तक्रार नाही. मी त्यांची माफी मागितली, एकदा नाही, तीनदा, आणि दर वेळी ते म्हणाले, "जाऊ दे गं बाय." मनापासून म्हणाले. माझ्यामागे गॅसचं बटण तपासणं त्यांनी सोडलं आहे. मिक्सरच्या झाकणावरून आता कोणी मला बोलत नाही. आणि रोज सकाळी, मी ओट्यापाशी असले तरी, ते आधी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन थांबतात आणि गिझर लावू का म्हणून विचारतात.