अक्कांनी न धरलेलं बोट

यजमानांच्या बदलीमुळे मी सोलापूरहून कुंभकोणमला आले. रुक्माअक्कांच्या बालवाडीत पहिल्यांदा गेले ते नोकरीसाठी नव्हे, कानांवर मराठी पडावी म्हणून. आपल्या जुन्या वळणाच्या तंजावरी मराठीत त्या म्हणाल्या, "ये गे, बैस. तांदूळ निवडाया येतें कां?" मी तिथेच मदतीला राहिले; माझी पदवी त्यांनी आजतागायत विचारलेली नाही. अक्का आता पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत.

त्यांच्या बालवाडीत पाटी नव्हती. मुलं पितळी लोट्यांनी पाणी मापत, मिसळलेल्या डाळी वेगळ्या करत, दारात पिठाचे ठिपके मांडून कोलम, म्हणजे इकडची रांगोळी, काढत. पाणी सांडलं तर सांडणाऱ्याने पुसायचं. अक्का फक्त फडकं हाताशी ठेवत. सुरुवातीला मला हा चक्क आळस वाटला, हे कबूल करते.

विजयादशमीला इकडे मुलाचं बोट धरून ताटातल्या तांदळांत पहिलं अक्षर गिरवतात. अक्का ताट मांडत, बोट मात्र धरत नसत. एका वर्षी चार वर्षांच्या सेल्वीच्या वडिलांनी निक्षून सांगितलं होतं, आज अक्षर आलं नाही तर मुलगी दुसऱ्या शाळेत घालणार. सेल्वी मुठीतून तांदूळ सोडत बसली होती. मला राहवलं नाही. मी तिचं बोट धरून तमिळ 'अ' काढला. वडील खूश झाले. अक्कांनी ताट हलवून अक्षर मोडलं. "हात सोड गे. तिचं ती काढेल."

सेल्वी पुन्हा तांदळाशी खेळू लागली आणि वडील तिला घेऊन गेले. हट्टापायी पोर घालवली, म्हणून मी दोन दिवस अक्कांशी धड बोलले नाही.

तीन आठवड्यांनी वडील सेल्वीला घेऊन परत आले. नव्या शाळेत टीचर जवळ आल्या की सेल्वी हात पाठीमागे लपवते, म्हणाले. माझी मान खाली गेली. तिचा हात पहिल्यांदा मीच धरला होता. अक्कांनी ना त्यांना टोचलं, ना मला. त्यांना कॉफी दिली आणि सेल्वीपुढे ताट ठेवलं.

पोंगल उलटल्यावर एका सकाळी सेल्वीने आपणहून 'अ' काढला. पार उलटा. तो सरळ करायला मी हात पुढे केला आणि मागे घेतला. अक्का टाळ्या वाजवून हसल्या. इतक्या आनंदात मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. अशी पुष्कळ उलटी अक्षरं पाहण्याइतकं आयुष्य त्यांना मिळो, आणि ताटापाशी मांडी घालू देणारे गुडघेही.