बुडालेल्या गावाला आवतण

धरणग्रस्तांच्या वसाहतीत काल एका लग्नघरी हळद दळताना पाहिली. जात्याभोवती बायका बसल्या होत्या आणि नवरीची म्हातारी आत्या ओवीतून आवतणं देत होती:

"पहिलं आवतण माझ्या भैरोबा देवाला,
वाट बुडाली तरी यावं लेकीच्या लग्नाला."

मग ओव्यांत जुन्या गावच्या पारावरचा वड आला, पाणवठा आला, वरची आळी आली. नवरीचा जन्म इथलाच. ती हळूच म्हणाली, "आत्या, तिथं आता नुसतं पाणी हाय. कोण येणार?"

"नाय आलं तर नाय. आपण काय हौसेनं निघालो न्हवतो, पोलिसांनी काढलं आपल्याला. मी बोलवायचं सोडणार न्हाई."

मोर्चे कधीच थकले. धरणावर आता सहली येतात. सरकारदरबारी त्या गावाचा विषय मिटलाय. मिटला नाही तो फक्त या पिवळ्या धुळीत. आणि इथे तरी किती दिवस? ओव्या येतात त्या एकट्या आत्याला. बाकीच्या नुसता सूर धरतात.

शेवटचं आवतण देऊन जातं थांबलं. ज्या वसाहतीत मांडव घातला होता, तिचं नाव एकाही ओवीत आलं नव्हतं.