इंजिन नसलेली गाडी

अशा अमानवी अनुभवांच्या धाग्यांवर मी आजवर फक्त खुसपटं काढायला यायचो. ‘वायरिंग चेक करा’, ‘बीपी तपासून घ्या’ या माझ्या प्रतिक्रिया इथल्या जुन्या लोकांना आठवत असतील. मी मेकॅनिकल इंजिनिअर. घरात देव आहेत, पण ते माझ्या बायकोचे, मृणालचे. त्यामुळे हे लिहिताना मलाच ओशाळल्यासारखं होतंय... पण सांगू कुणाला?

आम्ही मेलबर्नच्या पश्चिमेला, टार्निटला राहतो. नव्या इस्टेटमधलं घर, जोडून डबल गॅरेज. गॅरेजमधून घरात यायला एक दार, आणि रस्त्याच्या बाजूला मोठं, रिमोटने वर गुंडाळलं जाणारं रोलर डोअर.

गेल्या वर्षी मी एक जुनी अमेरिकन मसल कार घेतली. साठच्या दशकातली, दोन दारांची, लांबलचक बॉनेट, स्टिअरिंग डावीकडे. होस्टेलच्या खोलीत जिचं पोस्टर लावलं होतं, अगदी तीच. बॅलरॅट गावाच्या अलीकडे एका शेडमध्ये गंजत पडली होती. विकणारा ग्रॅहम नावाचा सत्तरीचा माणूस. मी दर शनिवार-रविवार ती खोलायला लागलो. मार्चपर्यंत इंजिन उतरवून एका वर्कशॉपला रीबिल्डला दिलं. पेट्रोलची टाकी काढली, एक्झॉस्टचा अख्खा पाइप काढून भिंतीला टेकवला. उरला तो नुसता सांगाडा, स्टिअरिंग आणि पुढच्या दोन सीट्स.

एप्रिलमध्ये ठाण्याहून आई आली. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच. दिवसभर घरात एकटी कंटाळायची, म्हणून दुपारी गॅरेजमध्ये खुर्ची टाकून, रोलर डोअर अर्धं उघडं ठेवून भाजी निवडत बसायची. ‘इथून निदान माणसं तरी दिसतात,’ म्हणायची.

त्या मंगळवारी मी सिटीत ऑफिसला होतो. साडेतीनला मृणालचा फोन आला.

‘अमेय, आई गॅरेजमध्ये पडल्यात. अँब्युलन्स बोलावलीये. तू गाडी चालू ठेवून गेलास का?’

‘कुठली गाडी?’

‘तुझी! सगळा धूर धूर झालाय!’

‘मृणाल, त्या गाडीला इंजिन नाहीये...’

ती रडत होती. मी तसाच धावत सदर्न क्रॉस स्टेशनला आलो आणि ट्रेन पकडली. अर्धा-पाऊण तासाचा प्रवास. ट्रेनला पुढे ढकलता येत नाही, एवढंच मला कळत होतं.

मृणालने नंतर सांगितलं ते असं. ती शिफ्टवरून आली तेव्हा रोलर डोअर पूर्ण बंद होतं. रिमोटने उघडलं तर आत निळसर धूर, जळक्या पेट्रोलचा वास, डोळे चुरचुरायला लागले. आई खुर्चीतून घसरून खाली पडली होती, मेथीची जुडी तशीच हातात. मृणालने तिला ओढत ड्राइव्हवेवर आणलं. अँब्युलन्सचा माणूस आत शिरला तसं त्याच्या जॅकेटला लावलेलं छोटं यंत्र कर्कश वाजायला लागलं. त्याने ओरडून सगळ्यांना बाहेर काढलं. विषारी वायू मोजायचं यंत्र होतं ते.

मी पोचलो तेव्हा अँब्युलन्स गेली होती आणि फायर ब्रिगेडवाले गॅरेजमध्ये होते. एकाने बॉनेट उघडून आत टॉर्च मारला.

‘मेट, व्हेअर्स द एंजिन?’

मी म्हटलं, ‘तेच तर सांगतोय.’

त्यांनी घराचं गॅस हीटर तपासलं, बाहेरचा गीझर तपासला, शेजाऱ्यांकडेही जाऊन आले. दुसऱ्या दिवशी मी प्लंबर बोलावला. कुठेच काही नाही.

हॉस्पिटलमध्ये आईच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड निघालं, भरपूर. ऑक्सिजन लावला. संध्याकाळी ती शुद्धीवर आली. मी हात धरला, तर तिने माझ्याकडे असं बघितलं की... मी शाळेत मार खाऊन आलो की बघायची ना, तसं.

‘तीन हाका मारल्या तुला मी. एकदा तरी वळून बघायचंस.’

‘कधी?’

‘गाडीत बसला होतास ना. मोठं दार लावून घेतलंस, गाडी चालू केलीस. मला वाटलं, लवकर आलास. डावीकडे बसला होतास, मान खाली घालून. किती हाका मारल्या रे...’

‘आई, मी ऑफिसात होतो.’

‘बरं,’ ती म्हणाली आणि डोळे मिटले.

डॉक्टर म्हणाले, त्या वायूने माणसाला भास होतात. पटलं मला. पण तो वायू आला कुठून, हे शोधणं त्यांचं काम नव्हतं.

आईने हेच फोनवरच्या इंटरप्रीटरमार्फत तिथल्या सोशल वर्करलाही सांगितलं. मग त्या बाईंनी मला वेगळ्या खोलीत नेलं. खूप प्रेमाने विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना, कधी जीव नकोसा वाटतो का. मी नाही म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं. मी जितकं ठासून ‘तो मी नव्हतो’ म्हणायचो, तितका समोरच्याचा आवाज मऊ व्हायचा. ट्रेनच्या कार्डाची नोंद दाखवली, ऑफिसच्या दाराची नोंद दाखवली. आईने चष्मा लावून दोन्ही पाहिल्या आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

आठवड्याने मी ग्रॅहमला फोन केला. घडलेलं सगळं सांगितलं. मग त्याने इतकंच विचारलं, ‘याही वेळी रोलर डोअर बंद होतं का?’

मी हो म्हटलं. त्याने फोन ठेवला. नंतर तो नंबर कधीच लागला नाही. मी त्या शेडपर्यंत जाऊन आलो, गेटला कुलूप होतं.

गाडी मी टो करून लांब एका स्टोरेज यार्डात ठेवलीये, उघड्यावर. इंजिन कधीच तयार झालंय, वर्कशॉपवाला ‘ये घेऊन जा’ म्हणून मेसेज करतो. मी जात नाही. विकावीशी वाटत नाही, दुसऱ्या कुणाच्या गॅरेजात ती कशी पाठवू? मृणालचा माझ्यावर विश्वास आहे. तरी एकदा चहा गाळता गाळता, माझ्याकडे न बघता तिने विचारलंच, ‘तू त्या दिवशी नक्की ऑफिसलाच होतास ना?’

धूर कुठला, दार कुणी लावलं, आईला पाठमोरं कोण दिसलं... जेवढं तपासता येतं तेवढं तपासून झालं. तुमच्यापैकी कुणी ‘वायरिंग चेक करा’ म्हणालात तरी मी रागावणार नाही.

आई जूनमध्ये परत गेली. आता रोज व्हिडिओ कॉल करते. परवा बोलता बोलता मध्येच थांबली.

‘मी येऊन राहू का रे तिकडे? काही विचारणार नाही तुला. नुसती बसेन तुझ्याजवळ.’

‘आई, देवाशपथ सांगतो, तो मी नव्हतो गं.’

‘बरं,’ ती म्हणाली. ‘जेवलास का?’